केप ब्रेटनच्या धुक्यात एक चेहरा

टोरांटोहून निघालेलं विमान हॅलिफॅक्सला उतरू लागलं तेव्हा खिडकीखाली काहीच नव्हतं. समुद्र नाही, गाव नाही, झाडं नाहीत. कापूस पिंजून पसरावा तसं पांढरं धुकं होतं, आणि विमान त्यात हळूहळू बुडत चाललं होतं. चाकं टेकल्याचा धक्का बसला तेव्हाच कळलं, की खाली जमीन आहे.

शेजारी मंदा डोळे मिटून बसली होती. "आलं का गं?" तिनं विचारलं.

"आलं असावं. मला तर काही दिसत नाही," मी म्हटलं.

त्यावर ती हसली. थोडी जास्तच हसली, असं मला वाटलं.

मंदा माझी कोल्हापूरची मैत्रीण. पोरवयात आम्ही दोघी एकाच मास्तरांकडे तैलचित्रं शिकलो. आमच्या गावाला तैलचित्रांचं वेड पूर्वीपासूनचं. घरातलं कुणी गेलं की फोटोवरून त्याचं मोठं चित्र काढून घ्यायचं आणि दिवाणखान्यात लावायचं. मास्तरांना अशी कामं मिळत आणि पार्श्वभूमी रंगवायला आम्ही असू. पुढे मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत राहिले. मंदा इंजिनियर नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली, टोरांटोजवळ किचनरला स्थिरावली, दोन मुलं वाढवली, नोकरी केली. रंग तिनं हातात धरले ते रिटायर झाल्यावर, घराच्या बेसमेंटमध्ये.

सत्तरी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले. नायगारा झाला, टोरांटो झालं, तिच्या मैत्रिणींची भिशी झाली. मग एक दिवस भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "शाले, नोव्हा स्कोशियाला जाऊ या का? समुद्र बघू. आणि तू मला सिटिंग दे, चित्रासाठी समोर बस."

नोव्हा स्कोशिया म्हणजे नवं स्कॉटलंड. त्याच्या उत्तरेला केप ब्रेटन नावाचं बेट आहे. तिथं इशबेल नावाची एक स्कॉटिश चित्रकार राहते, व्यक्तिचित्रं काढते, आणि उन्हाळ्यात एखाद-दुसऱ्या शिष्याला आपल्या स्टुडिओत येऊ देते. मंदा सबंध हिवाळाभर कॉम्प्युटरवरून तिच्याकडे शिकत होती. "ऑनलाइन खूप झालं," मंदा म्हणाली, "आता मला तिच्यासमोर उभं राहायचंय."

मंदाचे यजमान प्रभाकरराव आम्हाला विमानतळावर सोडायला आले. अबोल माणूस. बॅगा उतरवताना एवढंच म्हणाले, "तिथं गाडी रेंट कर. बसबिसच्या भानगडीत पडू नका." मंदानं मान डोलावली.

पण हॅलिफॅक्सला गाड्या भाड्यानं देणाऱ्यांच्या काउंटरवरून ती सरळ पुढे निघून गेली.

"अगं, गाडी?"

"नको. उद्या सकाळी शटल व्हॅन जाते. ड्राइव्ह करायचा कंटाळा आलाय. बघत बघत जाऊ."

बर्फातून गाडी हाकत कामाला जाणारी ही बाई. गाडी चालवायचा कंटाळा? पण मी पाहुणी. बॅग उचलून मागोमाग चालू लागले.

हॅलिफॅक्स बंदराचं गाव. धुक्यात लपलेली जहाजं दिसत नाहीत, पण त्यांचे भोंगे ऐकू येतात. लांबलेले, खोल, गोठ्यात गाय हंबरावी तसे. धक्क्याजवळ आम्ही चाउडर (मासे, बटाटे आणि दूध घालून केलेलं दाट सूप) खाल्लं. मला ते आजारी माणसाचं जेवण वाटलं. मी पर्समधून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली आणि चिमूटभर टाकली. वाढणाऱ्या मुलीनं तो लाल रंग पाहून डोळे मोठे केले.

दुपारी मंदा मला एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरी घेऊन गेली. घराचं आता संग्रहालय झालं होतं. वरच्या मजल्यावर एका लांब खोलीत स्कॉटलंडहून जहाजानं आणलेली व्यक्तिचित्रं लावली होती. आत आम्ही दोघीच होतो. लाकडी जमीन पावलागणिक कुरकुरत होती.

मी आजवर पाहिलेल्या चित्रांतली माणसं चित्रासाठी बसलेली असत. ही तशी नव्हती. काळ्या कोटातला एक वकील जणू दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकता ऐकता आमच्याकडे वळला होता. एका म्हातारीची पांढरी टोपी दुरून इतकी तलम वाटली, की फुंकर मारली तर हलेल. जवळ गेले, तर तिथं टोपी नव्हतीच. ब्रशचे चार-पाच रुंद फटकारे होते. मागे सरकले, पुन्हा टोपी. मला गंमत वाटली आणि लहान पोरीसारखी मी मागंपुढं करू लागले. आमच्या मास्तरांनी आम्हाला आधी चौकटी आखायला, मग नाकाची रेघ काढायला शिकवलं होतं. इथं रेघ कुठंच नव्हती. उजेड होता, अंधार होता, आणि त्या दोघांच्या मधे माणूस.

"मंदे, हे बघ तरी!" म्हणत मी वळले. मंदा त्या म्हातारीच्या चित्रापुढं मान वाकडी करून उभी होती. नजर भलतीकडे, खिडकीच्या चौकटीवर.

"कोंबडीसारखी काय बघतेस गं?" मी हसत विचारलं.

ती हसली नाही. "सरळ बघितलं, की तिचं तोंड नाहीसं होतं," ती म्हणाली. "मान वळवली, तर थोडं परत येतं."

मला आधी ती त्या चित्राबद्दलच बोलतेय असं वाटलं. मग कळलं. बाकावर बसून तिनं सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. जिथं बघावं तिथं राखेसारखा डाग. कडेचं दिसतं, मधलं जातं. वाचन गेलं, गाडी गेली. एका डोळ्यातला डाग अजून लहान आहे, पण वाढणार, असं डॉक्टर म्हणाले.

"प्रभाकररावांना?"

"नाही सांगितलं. लेकीलाही नाही. ग्रोसरी आणायला शेजारणीबरोबर जाते, गुडघा दुखतो म्हणून. इशबेललाही नाही सांगितलं. ती म्हणेल, मग येऊन काय करणार?" तिनं माझा हात धरला. "तुला आणलं, कारण मला कुणाचं तरी तोंड काढायचंय, अजून जमतंय तोवर. आणि तुझं मला पाठ आहे."

समोरची म्हातारी आमच्याकडे बघत होती. 

दुसऱ्या दिवशी व्हॅन निघाली. जूनचा महिना होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं (तुरेच्या तुरे, गुडघ्याएवढे) धुक्यात उभी होती. ती संपत म्हणून नव्हती. मैलोन्‌मैल तोच जांभळा पट्टा, मागे काळसर झाडं, मधेच एखादं पांढरं घर, घराबाहेर रचून ठेवलेले लॉब्स्टर पकडायचे पिंजरे. माणूस कुठंच नाही. मला सारखी डुलकी लागत होती, आणि जाग आली की पुन्हा तीच फुलं दिसत. जागेपणी बघतेय की झोपेत, तेच कळेना. मी मंदाला हळू आवाजात सांगत राहिले, "डाव्या हाताला तळं आलं. लाल छपराचं घर. आता एक घोडा." तिनं थांबवलं नाही.

एका कॉजवेवरून (समुद्रात भराव घालून केलेला रस्ता) व्हॅन बेटावर आली. पुढे गावांच्या पाट्या दोन भाषांत होत्या, इंग्रजी आणि गेलिक (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली जुनी भाषा).

आणि मग फजिती झाली. आमच्या थांब्याचं नाव मंदानं फोनवर मोठ्या अक्षरांत वाचलं, तरी एक अक्षर चुकलं. व्हॅनवाल्यानं आम्हाला एका बंद पेट्रोल पंपावर उतरवलं आणि तो निघून गेला. फोनला रेंज नाही. दोन म्हाताऱ्या, दोन बॅगा आणि धुकं. मंदाचा चेहरा पडला. "मीच वाचलं ना," ती पुटपुटली.

बऱ्याच वेळानं एक पिकअप ट्रक आला. मागे मासळीचे खोके होते आणि चालवणारा लाल गालांचा एक धिप्पाड म्हातारा. काच खाली करून त्यानं काहीतरी विचारलं. "को लेश हू?"

आम्ही नुसत्याच बघत राहिलो. मग तो हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "आमच्यात असं विचारतात. तू कुणाची? म्हणजे कोणत्या घरची?"

मंदानं मला ते मराठीत सांगितलं, आणि मला इतकं हसू आलं, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आमच्याकडे खेड्यात गेलं, की पारावरची म्हातारी माणसं हेच विचारतात. कुणाची गं तू? मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आम्ही इशबेलच्या."

"मग बसा की," तो म्हणाला. त्याचं नाव आंगस. ट्रकमध्ये मासळीचा वास होता आणि रेडिओवर फिडल (इकडचं व्हायोलिन) वाजत होतं. इशबेलनं त्याचंही चित्र काढलंय, त्यानं सांगितलं. "तीन हिवाळे बसलो. तरी बायको म्हणते, कान तुझे नव्हेत."

इशबेलचा स्टुडिओ म्हणजे एक बंद पडलेलं लहानसं चर्च. समुद्राच्या अगदी काठावर. उत्तरेकडे एक उंच खिडकी. इशबेल दारात उभी होती. आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. उंच, सडपातळ, पुरुषी स्वेटर, पांढऱ्या केसांत खोचलेला ब्रश. तिचा 'र' जात्यातून दळल्यासारखा यायचा. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गला तिचं शिक्षण झालं, नवऱ्यामागून ती इथं आली, नवरा गेला आणि ती राहिली.

आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. चर्चच्या चारही भिंतींवर माणसं. कोळी, त्यांच्या बायका, पोस्टातली बाई, फिडल धरलेली मुलगी, आणि एका कोपऱ्यात आंगस, मोठाल्या कानांसकट. हॅलिफॅक्सच्या त्या खोलीतलीच तऱ्हा. रेघ नाही, उजेड.

चहाबरोबर ओटकेक (ओटच्या जाड्याभरड्या पिठाची जाड बिस्किटं) आले. मला ते भाजणीच्या कडक थालीपिठासारखे लागले. मी चटणीची पुडी पुढे केली. इशबेलनं ओटकेकवर चांगली चमचाभर घेतली, लाल झाली, पाणी प्यायली, आणि पुन्हा घेतली.

मी हॅलिफॅक्सला पाहिलेल्या चित्रांबद्दल बोलले. ती म्हणाली, "सुंदर आहेत. पण त्यांत कोण आहे ते लक्षात ठेवा. जमीनदार, वकील, सरदार. त्यांतल्या काहींनी मेंढ्या पाळायला आपल्या डोंगरांतली कुळं हाकलून लावली. ती कुळं जहाजांत बसून इथं आली. त्यांची चित्रं कुणी काढली नाहीत." मग तिनं भिंतीकडे हात केला. "हे त्यांचे पणतू-खापरपणतू. माझ्या गुरूंची विद्या त्या जमीनदारांच्या दिवाणखान्यातून आलेली. ती मी इकडं वळवली, एवढंच. पोरं कामासाठी पश्चिमेला जातात. गाव रिकामं होत चाललंय. निदान तोंडं तरी राहू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसले. मंदाच्या आग्रहानं निळी इरकली नेसले होते. मंदानं कॅनव्हासची चौकट माझ्यापासून दोन हातांवर ठेवली आणि मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे कोळशानं नाकाची रेघ काढू लागली. मी तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघे, मान वळवे, पुन्हा बघे, पुसे. तिचे ओठ घट्ट मिटत चालले. दुपारपर्यंत कॅनव्हासवर माझा पदर होता, केस होते, कानातल्या कुड्या होत्या, आणि मधे पुसून पुसून झालेला राखाडी खड्डा.

इशबेल मागं उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "डोळे कधीपासून असे आहेत?"

मंदाच्या हातातला कोळसा मोडला. "तुला कसं कळलं?"

"तू तिच्याकडे बघतेस, तेव्हा तिच्या खांद्याकडे बघतेस. हिवाळाभर स्क्रीनवर मला वाटायचं, कॅमेरा वाकडा आहे."

मला वाटलं, आता ही म्हणणार, परत जा. तिनं चौकट उचलली आणि माझ्या खुर्चीला लागून, अगदी माझ्या शेजारी ठेवली. मग मंदाच्या दंडाला धरून तिला पार चर्चच्या दारापाशी नेलं.

"एडिनबर्गमध्ये आमचा एक मोठा चित्रकार होऊन गेला," ती म्हणाली. "लहानपणीच पोरका झाला, सोनाराकडे उमेदवारी केली. तो खडूनं रेघच आखायचा नाही. माणसाला खोलीच्या एका टोकाला बसवायचा, स्वतः दुसऱ्या टोकाला उभा राहून बघायचा. मग झपझप चालत यायचा आणि माणसाकडे न बघता रंग लावायचा. पुन्हा मागं. दुरून पापण्या कुणालाच दिसत नाहीत, मंदा. मलाही नाही. दुरून आपण सगळे सारखेच. तिच्याकडे बघूच नकोस. तिच्या कानापलीकडे तो खांब आहे, त्याच्याकडे बघ. ती आपोआप येईल. उजेड कुठं, अंधार कुठं, तेवढंच घेऊन ये."

मग सुरू झालं ते येणं आणि जाणं. खुर्चीत बसून मी ते बघत होते. मंदा दाराच्या उजेडात उभी, लहानशी, काळी. मग चालत येई, मोठी होत जाई, माझ्या शेजारी ब्रशचा एक ओला आवाज होई, आणि ती पुन्हा पाठ करून दूर जाई. बाहेर समुद्र त्याच लयीत येत-जात होता. चित्रासाठी बसलेल्या माणसाला काही काम नसतं. मला कधी वाटे मी कोल्हापुरात आहे, कधी वाटे या भिंतींवरच्या माणसांतलीच एक झाले आहे. पोस्टातली बाई, फिडलवाली, आणि निळ्या इरकलीतली मी. आम्ही सगळ्या मिळून या चालणाऱ्या बाईकडे बघतो आहोत.

संध्याकाळी चित्रात कपाळ आलं होतं, गाल आले होते. मंदा दमली होती, पण रात्री पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी मात्र धुकं खिडकीला येऊन चिकटलं. आत सगळीकडे एकसारखा दुधट उजेड. सावलीच नाही. मंदा गेली, आली, गेली, आली. दारापाशी थांबून ती खूप वेळ खांबाकडे बघत राहिली. मग आली, टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि चित्रातलं माझं सगळं तोंड पुसून टाकलं. ब्रश खाली टाकला आणि कोट न घालताच बाहेर निघून गेली.

मी मागोमाग गेले. बाहेर हातभरापलीकडचं दिसेना. आता आम्ही दोघी सारख्याच आंधळ्या. "मंदे!" मी हाका मारत गेले. समुद्राचा आवाज कधी डावीकडून येई, कधी समोरून. खडक निसरडे होते आणि मला भयंकर भीती वाटली. शेवटी अगदी जवळून तिचा आवाज आला, "इथं आहे गं. ओरडू नकोस."

ती एका उपड्या होडीवर बसली होती. मी माझी शाल तिच्या अंगावर घातली.

"नेहाला पुढच्या महिन्यात बाळ होणार," ती म्हणाली. नेहा तिची मुलगी, कॅनडाच्या पार पश्चिमेला बर्नाबीला असते. "लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. मी जाणार आहे बाळंतपणाला. मला सांग शाले, ते बाळ माझ्या हातात देतील, आणि मी कुठं बघू? खिडकीकडे? नातवंडाचं तोंड काढायचं म्हणून मी हे सगळं मांडलं होतं. तुझ्यावर प्रॅक्टिस करत होते."

मी तिला जवळ घेतलं. ती रडली, मीही रडले. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींजवळ रडलो नव्हतो. लांबून फोनवर सगळं छान असतं.

धुक्यातून पावलं वाजली. इशबेल मंदाचा कोट घेऊन आली होती. ती आमच्या शेजारी होडीवर बसली.

"आमचा आणखी एक चित्रकार होता," थोड्या वेळानं ती म्हणाली. "त्या पोरक्याच्या आधीचा. बायकांची चित्रं त्याच्याइतकी कोमल कुणी काढली नाहीत. आग लागली तर कसं निसटायचं हे घरच्यांना दाखवताना तो शिडीवरून पडला आणि उजवा हात गेला. त्यानं चित्रं काढणं सोडलं. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. तोवर त्यानं खूप काढलं होतं." ती मंदाकडे वळली. "तू कुठं अजून काढलंयस? संसार केलास, नोकरी केलीस. आता कुठं सुरुवात करत होतीस. सुरुवात करण्याआधी सोडायचं नसतं."

मंदानं कोट अंगात घातला.

रात्री वारा सुटला आणि धुकं गेलं. सकाळी खिडकीतून ऊन नव्हे, पण स्वच्छ उत्तरेचा उजेड आला. मंदानं सर्वांत रुंद ब्रश घेतला. येत होती, जात होती. दुपारनंतर कपाळ, गाल, हनुवटी पुन्हा उभी राहिली. उरले डोळे.

"डोळे तू काढ," ती इशबेलला म्हणाली.

"मुळीच नाही. डोळे काढूच नकोस. भुवईखाली सावली पडलीय, ती ठेव. बास."

मंदा दारापाशी गेली. खांबाकडे बघत उभी राहिली. मग चालत आली आणि गडद रंगाचे दोन फटकारे दिले. पुन्हा गेली. पुन्हा आली, आणि एका बाजूला उजेडाचा एक ठिपका ठेवला. ब्रश खाली ठेवून ती म्हणाली, "शाले, ऊठ. बघ. मला खरं सांग."

मी उठले. शेजारून बघितलं तर नुसता चिखल होता, निळा, तपकिरी, पिवळट. मी पाय ओढत दारापर्यंत गेले आणि वळले.

खोलीच्या टोकाला मी बसले होते. नाक थोडं चुकलं होतं. ओठ तर जवळजवळ नव्हतेच. पण ती मीच होते, यात शंका नव्हती. आणि ती बाई समोर बघत होती ते सहज बघणं नव्हतं. तिच्या बघण्यात काळजी होती, माया होती, आणि बाहेर धुक्यात हाका मारत फिरतानाची भीतीही होती. त्या आठवड्यात मी मंदाकडे कशी बघत होते, ते मला स्वतःला तोवर माहीत नव्हतं. आरशात माणूस असा कधी दिसत नाही.

"मला खरं सांग," मंदा पुन्हा म्हणाली.

"नाक चुकलंय," मी म्हटलं.

"ते मास्तर असतानाही चुकायचं," ती म्हणाली आणि खुर्चीत मटकन बसली.

रंग ओला, म्हणून चित्र तिथंच ठेवावं लागलं. तेलरंग वाळायला आठवडे लागतात. इशबेलनं ते भिंतीवर आंगसच्या शेजारी टांगलं आणि वाळलं की पाठवते म्हणाली. आंगसच आम्हाला व्हॅनपर्यंत सोडायला आला. त्यानं आमच्यासाठी शिजवलेले दोन लॉब्स्टर कागदात गुंडाळून आणले होते. ते आम्ही वाटेत व्हॅनमध्ये हातानं फोडून खाल्ले, चटणी लावून. पुढच्या सीटवरच्या मुलानं वळून "स्मेल्स अमेझिंग" म्हटलं, तेव्हा त्यालाही एक नांगी दिली.

किचनरला पोचलो त्या संध्याकाळी मंदानं पिठलं-भात केला. जेवताना ती अचानक म्हणाली, "अहो, मला एक सांगायचंय," आणि सगळं सांगितलं. मी ताटात बघत राहिले.

प्रभाकररावांनी ताट बाजूला सारलं. "म्हणजे आत्ता मी तुला दिसत नाही?"

"सरळ बघितलं तर नाही."

"मग कसं बघतेस?"

"तुमच्या कानापलीकडे. फ्रिजकडे."

ते खुर्ची सरळ करून, फोटोला बसावं तसे बसले. "बघ," म्हणाले.

मंदानं फ्रिजकडे बघितलं. बघत राहिली. "केस कापायला झालेत तुमचे," ती म्हणाली. प्रभाकररावांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

मी कोल्हापूरला परत आले. लोक विचारतात, कॅनडात काय काय पाहिलं? मी नायगारा सांगते, ल्युपिनची फुलं सांगते. पण खरं म्हणजे त्या प्रवासातले सगळ्यांत मोठे दिवस मी एका खुर्चीत बसून काढले. प्रवासाला निघताना आपण बघायला म्हणून निघतो. कुणीतरी आपल्याला इतका वेळ, इतक्या कष्टानं बघेल, असं मनात नसतं. ते मिळालं, आणि त्यासाठी मला इतक्या लांब जावं लागलं, याचं आता नवल वाटत नाही. जवळच्या माणसांना बघायला अंतर लागतं, असं मी ठरवून टाकलं होतं.

श्रावणात मंदाचा बर्नाबीहून फोन आला. मुलगी झाली होती. विचारू की नको, असं झालं. शेवटी विचारलं, "दिसली का गं?"

"आधी नेहाच्या मांडीवर होती, तेव्हा नाही दिसली," मंदा म्हणाली. "कानापलीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, नुसतं दुपटं. मग त्यांनी माझ्याकडे दिली. मी तिला अगदी तोंडाशी धरलं, नाकाला नाक लागेल इतकी. शाले, इतक्या जवळून तिचं तोंड माझ्या डागापेक्षा मोठं आहे."